कामाचे नाव आणि रोगाची नोंद : होटगी परिसरातील व्यावसायिक कर्करोगाच्या संशोधनाची पूर्वपीठिका

१

रोगांचा इतिहास वैद्यकाच्या अभ्यासकाने लिहावा आणि शब्दांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाने, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. ती बहुतेक ठिकाणी सोयीची असली, तरी एका विषयात ती मोडते. मनुष्य ज्या कामावर आयुष्य घालवितो त्या कामातील धूळ, धूर, रंग व रसायने यांच्यामुळे त्याला पुढे कर्करोग होतो काय, हा तो विषय होय. अशा संशोधनात दोन गोष्टींची सांगड घालावी लागते. कोणास कोणता रोग झाला ही पहिली आणि तो पूर्वी कोणते काम करीत होता ही दुसरी. पहिली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित होते. दुसरी मात्र माणसाच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून असते. आणि तो शब्द चुकीचा ऐकला गेला, चुकीचा लिहिला गेला किंवा मुळीच विचारला गेला नाही, तर पुढचे सारे गणित व्यर्थ ठरते. या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि सोलापूरजवळील होटगीच्या परिसरात असे संशोधन योजावयाचे झाल्यास त्या इतिहासातून कोणता बोध घ्यावा ते पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

होटगीचीच निवड का, याचे उत्तर त्या गावाच्या भूगोलात आहे. सोलापूरपासून सुमारे १५ किलोमीटरांवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात वसलेले हे गाव रेल्वेचे जंक्शन आहे. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली, ती होटगी ते गदग हा मीटरमापी मार्ग बांधण्यासाठीच. १८८४ साली तो वाहतुकीस खुला झाला. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचविण्यासाठी बांधलेल्या मार्गांपैकी तो एक होता. एका बाजूस रेल्वे, दुसऱ्या बाजूस सोलापूरच्या कापडगिरण्या व यंत्रमाग, कुंभारीकडे विडी कामगारांची वसाहत, अलीकडच्या काळात सिमेंट दळण्याचे कारखाने आणि फताटेवाडी येथील ६६० मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक वीजकेंद्र, अशी नाना प्रकारची कामे या एका टापूत एकत्र आली आहेत. त्याचबरोबर मराठी, कन्नड, तेलुगू व दख्खनी या चार भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. कामांची विविधता आणि भाषांची विविधता यांचा असा संगम सहसा आढळत नाही.

२

व्यावसायिक रोगांच्या शास्त्राचा जनक म्हणून इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याचे नाव घेतले जाते. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न प्राचीन वैद्यकाने घालून दिले होते, त्यांत त्याने आणखी एकाची भर घातली : तुमचा धंदा कोणता? या एका प्रश्नात सबंध शास्त्राचे बीज आहे. पुढे १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे काजळीशी जोडून दाखविले. पॉटपाशी आकडेशास्त्र नव्हते. परंतु धुराडी साफ करणारा हा ओळखता येण्यासारखा, स्वतंत्र नावाचा धंदा होता. नाव होते म्हणून गट दिसला, आणि गट दिसला म्हणून कारण दिसले.

नाव चुकले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. १८९५ साली जर्मन शल्यवैद्य लुडविग रेन याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांना झालेल्या मूत्राशयाच्या कर्करोगाची हकीकत मांडली. तेव्हापासून या रोगास ‘ॲनिलीन कर्करोग’ म्हणण्याचा प्रघात पडला. सुमारे ६० वर्षांनी, १९५४ साली, केस व त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश रसायन-उद्योगातील कामगारांच्या नामावळी जमवून, त्यांतील कोण कोणत्या पदार्थावर काम करीत होता याचा छडा लावला. तेव्हा दोष ॲनिलीनकडे न जाता बेन्झिडीन आणि नॅफ्थिलअमाइन या पदार्थांकडे गेला. रोगाला दिलेले नाव दोन पिढ्या संशयाची दिशा चुकवीत राहिले होते. ती चूक नव्या औषधाने किंवा नव्या यंत्राने सुधारली नाही. कोण कोठे कामास होता हे सांगणाऱ्या जुन्या वह्यांनी ती सुधारली.

३

महाराष्ट्रात कर्करोगाच्या कारणांचा शोध घेण्याची परंपरा लहान नाही. तिच्या आरंभी डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव येते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. लोकांच्या चालीरीती व कर्करोग यांचा संबंध हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. कमरेस धोतर घट्ट आवळून नेसल्याने वर्षानुवर्षे जेथे घर्षण होते तेथे उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी केले, आणि ‘धोतराचा कर्करोग’ ही संज्ञा वैद्यकाच्या वाङ्मयात रूढ झाली. १९५५ साली सांघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व खाणे यांचा मुखाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध रुग्णांची तुलना इतरांशी करून तपासला. भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

यानंतरचा टप्पा नोंदणीचा. मुंबई शहरातील कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारे केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीच्या विद्यमाने १९६३ साली सुरू झाले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र. ग्रामीण भागातील पहिले केंद्र मात्र सोलापूर जिल्ह्याच्याच वाट्यास आले. १९८७ साली बार्शी येथे ते सुरू झाले, आणि बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील खेडी त्याच्या कक्षेत घेण्यात आली. खेड्यात रोगी स्वतः होऊन रुग्णालयात येईल आणि मग त्याची नोंद होईल, ही शहरी रीत तेथे चालण्यासारखी नव्हती. म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी रोगाच्या लक्षणांविषयी बोलत, आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणवीत. बार्शीच्या नोंदणीचे यश या बोलण्यावर उभे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्या आकड्यांतून असे दिसून आले की ग्रामीण भागातील कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईहून पुष्कळ कमी आहे, परंतु स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी आहे.

याच भूमीवर पुढे एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. १९९९ साली आरंभ झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूसाठी केलेल्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी होतात, असे त्यात आढळले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटास तपासणी न मिळाल्याबद्दल पुढे वादही झाला. त्याचा उल्लेख शेवटी येईल. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की, आपल्या खेड्यांतून दीर्घकाल चालणारे, लक्षावधी माणसांचे संशोधन होऊ शकते, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे.

तथापि या सबंध परंपरेत एक उणीव राहिली. सवयी तपासल्या गेल्या, आहार तपासला गेला, विषाणू तपासला गेला. काम मात्र नोंदीच्या एका लहानशा रकान्यात अडकून पडले. त्या रकान्यात काय लिहिले जाते, हे पाहिले म्हणजे अडचण स्पष्ट होते.

४

प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या घरातील एक कागद येथे पुरावा म्हणून मांडतो. थोरले मामा तरुणपणी रेल्वेत लागले आणि वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये त्यांनी नोकरीचा बहुतेक काळ काढला. निवृत्तीनंतर होटगीजवळच्या वडिलोपार्जित तुकड्यावर ते ज्वारी पेरीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी फुप्फुसाच्या आवरणाच्या विकाराने ते गेले. रुग्णालयाच्या केसपेपरावर व्यवसायाच्या पुढे ‘शेती’ असा एकच शब्द आहे. तो खोटा नाही. विचारले त्या दिवशी ते शेतीच करीत होते. ‘पूर्वी काय करीत होता?’ असे कोणी विचारले असते, तर मामांनी ‘खलाशी’ असे उत्तर दिले असते. आणि तो शब्द मराठी शब्दकोशाच्या आधारे वाचणाऱ्या कारकुनाने त्यांची गणना बहुधा नाविकांत केली असती. रेल्वेच्या बोलीत खलाशी म्हणजे शेडमधील वा कारखान्यातील मदतनीस. फिटराच्या हाताखाली तो जड सामान उचलतो, इंजिनाचे भाग पुसतो, उघडतो आणि पुन्हा बसवितो.

जुन्या वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती उष्णता रोखण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे आवरण देण्याची पद्धत जगभर होती. ते आवरण काढताना व बसविताना उडणारे तंतू श्वासावाटे आत जातात, आणि त्यांपासून होणारा कर्करोग ३० ते ४० वर्षांनी प्रकट होतो, हे आज सर्वमान्य आहे. मामांचा रोग त्या कामामुळेच झाला असे म्हणण्यास लेखकापाशी कसलाही आधार नाही. परंतु तो त्यामुळे झाला नाही, असे म्हणण्यासही आधार नाही. ‘शेती’ या शब्दाने हा प्रश्न विचारण्याची वाटच बंद केली आहे, आणि दुःख आहे ते याचे.

आता विडीकडे वळू. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे २००६ साली कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची विडी कामगार वसाहत उभी राहिली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांत तेलुगू भाषिक पुष्कळ आहेत. पाने भिजविणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे ही सारी कामे घरच्या ओसरीवर, मुलाबाळांत बसून चालतात. अशा बाईस ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारले, तर ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर येणे अगदी स्वाभाविक आहे; कारण कामावर जाणे आणि काम करणे हे आपल्या भाषेत जवळजवळ एकच झाले आहे. मग तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ असे पडते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातील कामगारांच्या मूत्राची तपासणी करून, तंबाखूच्या सतत हाताळणीने पेशींतील आनुवंशिक द्रव्यास अपाय करू शकणारे पदार्थ शरीरात जात असल्याच्या खुणा दाखविल्या. या खुणांचे पर्यवसान प्रत्यक्ष रोगात किती जणींच्या बाबतीत होते, हा प्रश्न मात्र कामगार स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्याखेरीज सुटणारा नाही. आणि ‘गृहिणी’ या नावाखाली त्या नोंदीतूनच नाहीशा होतात.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. विडी वळणारी स्त्री स्वतः तंबाखू वापरीत असेल, तर रोगाचे मूळ कामात की सवयीत, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी ‘तंबाखू खाता का?’ असा प्रश्न विचारला जातो. परंतु मिश्री ही कोणी खात नाही. ती लावतात किंवा तिने दात घासतात. तपकीर ओढतात, पण ती ओढणे आणि विडी ओढणे यांत बोलणाऱ्याला घोटाळा वाटत नाही, लिहिणाऱ्याला मात्र होतो. मिश्री लावणारी बाई ‘खाता का?’ या प्रश्नास प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि तंबाखू न वापरणाऱ्यांत गणली जाते. एका क्रियापदाच्या चुकीमुळे तुलनेचे दोन्ही गट बिघडतात.

कापडाच्या धंद्यात माग हा शब्द तिन्ही भाषांत जवळचा आहे : मराठीत माग, कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम्. परंतु ‘मागावर होतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. सूत रंगविणारा, खळ देणारा, कांड्या भरणारा, विणणारा आणि यंत्राला तेल घालणारा हे सारेच बाहेरच्या माणसाला ‘मागावर होतो’ असेच सांगतात. त्यांच्या श्वासात व हातांवर येणारे पदार्थ मात्र निराळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कापड-उद्योगातील कामाचे मूल्यमापन केले असून (१९९०) ते ‘कर्करोगजनक असण्याची शक्यता’ या वर्गात घातले आहे. उलटपक्षी शांघायमधील सुमारे २,६७,००० गिरणी कामगार स्त्रियांच्या मागोव्यात, कापसाच्या धुळीशी अधिक संबंध आलेल्या स्त्रियांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. त्या धुळीतील जिवाणूजन्य द्रव्याशी याचा संबंध असावा असे अनुमान आहे. यावरून धुळीचे सरसकट एकच नाव घेणे किती फसवे आहे, हे ध्यानी येते. सिमेंटचेही तेच. सिमेंटच्या धुळीवर सरळ शिक्का मारता येत नाही. पण स्फटिकरूप सिलिका व सहा-संयुजी क्रोमियम हे कर्करोगजनक म्हणून सिद्ध झालेले पदार्थ सिमेंटच्या कामात कोठे, किती व कोणाच्या वाट्यास येतात, हे पाहावे लागते. डिझेलच्या धुरास त्या संस्थेने २०१२ साली सिद्ध कर्करोगजनकांत घातले, आणि म्हणून वाफेनंतरच्या काळातील रेल्वे कामगार व मालमोटारींचे चालकही या विचारातून सुटत नाहीत.

५

या पार्श्वभूमीवर होटगी परिसरातील संशोधनाची आखणी कशी असावी? प्रथम आकाराचा विचार. एखादा कर्करोग दर लाख लोकांत वर्षाला १० जणांना होतो असे धरले, तर १,००० कामगारांचा १० वर्षे मागोवा घेतल्यास एक रुग्ण अपेक्षित आहे. कामामुळे धोका दुप्पट झाला असला तरी दोन सापडतील. आणि एक व दोन यांतील फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून एकट्या होटगीचे संशोधन निष्फळ ठरेल. होटगी हे केंद्र मानून सबंध जिल्हा कक्षेत घ्यावा लागेल, आणि बार्शीची नोंदणी ज्या रीतीने उभी राहिली ती रीत येथे उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याखालील खाती, राज्य विमा योजनेची कार्डे, रेल्वेची सेवापुस्तके हे आपले खरे दफ्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या उद्योगांना असा आदेश दिला की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी. हा काळ लहरीने ठरलेला नाही. रोगाच्या मंदगतीचा तो हिशेब आहे. बंद पडलेल्या गिरणीचे दफ्तर रद्दीत जाते तेव्हा कागदच नव्हे, तर एका पिढीच्या आजारांचे उत्तर नाहीसे होते.

तिसरी गोष्ट कामांच्या शब्दकोशाची, आणि तीच भाषाभ्यासकाच्या वाट्याची. कॅनडातील माँट्रियल या द्विभाषी नगरात १९७९ पासून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात प्रत्येक रुग्णाचा कामाचा इतिहास सविस्तर लिहून घेतला गेला, आणि मग रसायनतज्ज्ञांनी त्या कामाचे सुमारे ३०० पदार्थांच्या भाषेत जणू भाषांतर केले. आपल्याकडे त्या भाषांतराच्या आधी आणखी एक भाषांतर करावे लागेल : बोलीतील कामाच्या नावाचे प्रत्यक्ष क्रियेत. यासाठी निवृत्त कामगारांकडून मराठी, कन्नड, तेलुगू व दख्खनीतील नावे गोळा करावीत; प्रत्येक नावापुढे ते काम करताना हात कोठे असत, डोळ्यांत व नाकात काय जाई, दिवसाचे किती तास, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे लिहावे. १९६८, २००४ व २०१५ साली निघालेली राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणे साहाय्यास आहेत. पण ती शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. ‘आता काय करता?’ या प्रश्नाऐवजी ‘वयाच्या पंधराव्या वर्षापासून कोठे कोठे हात लावला?’ असा प्रश्न असावा. विचारणारा माणूस उत्तर देणाऱ्याच्या भाषेत विचारणारा असावा. ‘केलस’ किंवा ‘पनि’ म्हटल्यावर जे आठवते, ते ‘व्यवसाय’ म्हटल्यावर आठवत नाही.

परिभाषेचाही एक प्रश्न येथे उपस्थित होतो. कामातील पदार्थाशी येणाऱ्या संबंधास मराठीत अद्याप स्थिर शब्द नाही. ‘संसर्ग’ म्हटले तर ऐकणाऱ्यास लागण वाटते, आणि शेजारी कामगाराच्या घरचे पाणी टाळू लागतात. ज्या शास्त्राने हा अभ्यास करावयाचा त्याचे मराठी नावही ‘साथरोगशास्त्र’ असे आहे, आणि कर्करोग तर साथीचा रोग नव्हे. म्हणून ‘संपर्क’ हा सौम्य शब्द वापरावा आणि तो काय नव्हे हेही प्रत्येक भेटीत सांगावे, असे लेखकाचे मत आहे. संमतीचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. पूर्वोक्त प्रयोगावरील वादाने हे शिकविले की, कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. काय तपासले जाणार, काय तपासले जाणार नाही, आणि निष्कर्ष कोणास कळविला जाणार, हे ज्या भाषेत समजते त्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. कामगाराला रोजगार जाण्याची भीती असते. ती दूर केल्याविना मिळालेले उत्तर विश्वसनीय नसते.

६

भारतीय रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांचे युग १९९० च्या दशकात संपले. त्या इंजिनांवर तरुणपणी काम केलेली माणसे आज साठी-पंचाहत्तरीत आहेत. सोलापूरच्या बंद गिरण्यांतील रंगखात्यांत काम केलेल्यांची गोष्टही हीच. तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होणारा रोग आणि या माणसांचे उरलेले आयुष्य, यांची गाठ याच काळात पडत आहे. यंत्रे पुढेही मिळतील, निधीही कदाचित मिळेल. खलाशी म्हणजे काय, रंगखात्यात कोणत्या डब्यावर कोणत्या रंगाची चिठ्ठी असे, पान कापताना बाई कशी बसे, हे सांगणारी माणसे मात्र पुन्हा मिळणार नाहीत.

तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनीने घातलेला प्रश्न आपल्या केसपेपरांवर आजही एका शब्दाच्या रकान्यात उभा आहे. तो रकाना रुंद करणे, त्यात एका शब्दाऐवजी सबंध आयुष्याचे काम मावेल असे करणे, हे या संशोधनाचे पहिले कार्य होय. होटगीच्या स्थानकाबाहेरील पारावर बसणाऱ्या निवृत्तांपासून त्याचा आरंभ करता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वही लागते, चार भाषा लागतात, आणि ऐकण्याची सवड लागते.